कंपनी आपली, मग हिशेब विचारायला भीड कसली?



या सदरात आपण नेहमी बेण्याची निवड, खताची मात्रा, करपा आणि कंदकूज यांबद्दल बोलतो. आज मात्र विषय निराळा घेतला आहे. पीक शेतात चांगले आले, घरी आले, पॉलिश होऊन पोत्यात भरले, तरी शेतकऱ्याच्या हातात काय पडते हे पुढच्या व्यवहारावर ठरते. आणि तो व्यवहार आता पुष्कळ गावांत शेतकऱ्यांच्या स्वतःच्या कंपनीकडे येऊ लागला आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ या आपल्या पाचही तालुक्यांत ‘शेतकरी उत्पादक कंपनी’ अशी पाटी आता नवलाची राहिलेली नाही. कोणी हजार रुपयांचा शेअर घेतला आहे, कोणी दोन हजारांचा. पावती कपाटात पडून आहे. पण त्या पावतीने आपल्याला काय हक्क मिळाला आणि कोणती जबाबदारी आली, हे विचारले तर बहुतेक जण गप्प बसतात.

गावोगाव एक वाक्य हमखास कानी येते. ‘‘अध्यक्ष आपलाच माणूस आहे, त्याला काय हिशेब विचारायचा? बरे दिसत नाही ते.’’ कोणी भावकीतला असतो, कोणी सोयरा, कोणी बालपणाचा सवंगडी. रोज पारावर भेट होते, लग्नात मांडीला मांडी लावून जेवायला बसतो. अशा माणसाला भर सभेत ‘पैसे कुठे गेले’ असे कसे विचारावे? ही भीड मी समजू शकतो. पण आपल्या वाडवडिलांनीच सांगून ठेवले आहे की भीड ही भिकेची बहीण. कंपन्या काय, पतपेढ्या काय, संस्था बुडतात त्या केवळ चोरामुळे नव्हेत. शंभर भल्या माणसांनी भिडेपोटी तोंड मिटून घेतले म्हणूनही बुडतात. हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे, एवढी एकच गोष्ट आज सांगायची आहे.

ही कंपनी आहे तरी काय?

सहकारी संस्था आपल्याला जुनी ओळखीची आहे. साखर कारखाना, दूध डेअरी, सेवा सोसायटी हे सारे आपण पाहिले आहे. कंपनी म्हटले की मात्र मुंबई-पुण्याचे शेटजी डोळ्यांपुढे येतात. अर्थतज्ज्ञ डॉ. योगिंदर अलघ यांच्या समितीने सुचवले की शेतकऱ्यांनाही कंपनी काढता यावी, पण तिचा आत्मा सहकाराचाच राहावा. त्यावरून २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि उत्पादक कंपनी जन्माला आली. पुढे २०२० मध्ये केंद्र सरकारने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभ्या करण्याची योजना आणली. त्या योजनेत पात्र कंपनीला तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत व्यवस्थापन खर्च आणि सभासदांनी भरलेल्या भांडवलाइतकेच, सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत व एकूण १५ लाखांपर्यंत, जोड-अनुदान ठेवले आहे. म्हणजे तुमच्या एका रुपयाला सरकारचा एक रुपया. रक्कम लहान नाही. गूळ असला की मुंगळे येणारच, म्हणून राखणही तशीच हवी.

शेटजींच्या कंपनीत आणि आपल्या कंपनीत मोठा फरक आहे. शेटजींच्या कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याची मते जास्त. शेतकऱ्यांच्या कंपनीत दोन एकरवाल्याला एक मत आणि वीस एकरवाल्यालाही एकच मत. शेअर बाजारात हे शेअर विकता येत नाहीत. नफा वाटायचा तो मुख्यतः कोणी किती माल घातला यावर. कायद्याने संचालक कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त पंधरा असतात, आणि त्यांना निवडतात सभासद. रोजचा कारभार पाहण्यासाठी पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा लागतो आणि तो सभासदांपैकी असता कामा नये. यात कायदा करणाऱ्यांचे शहाणपण आहे. धोरण ठरवणारा, माल घालणारा आणि पैसे मोजणारा असे तिन्ही एकच माणूस झाला, तर कुंपणच शेत खाऊ लागते.

तर मालक कोण? अध्यक्ष नव्हे, अधिकारी नव्हे, अनुदान देणारे सरकारही नव्हे. कपाटात ज्याची पावती आहे तो मालक. आपल्या शेतातल्या सालगड्याला संध्याकाळी ‘किती तास पाळी घातली’ असे विचारताना आपल्याला लाज वाटत नाही. मग आपल्याच कंपनीत ती का वाटावी?

पहिली परीक्षा काट्यावर

संस्था चांगली की वाईट हे कचेरीतल्या खुर्च्यांवरून कळत नाही, काट्यावरून कळते. आपल्याकडे हळद पोत्यात भरून येते. समजा ५० किलोच्या पोत्यामागे अर्धा किलो कडता धरला. ऐकायला काहीच नाही. पण क्विंटलमागे तो एक किलो झाला. ज्याची ४० क्विंटल हळद आहे त्याचे ४० किलो गेले. भाव क्विंटलला १२,००० रुपये धरला तर ४,८०० रुपये झाले. कंपनीने हंगामात हजार क्विंटल घेतली असेल तर दहा क्विंटल, म्हणजे १ लाख २० हजार रुपये झाले. हे पैसे कोणाच्या खात्यात दिसतात? हळद वाळून घट आली म्हणून खरोखरच तूट धरावी लागत असेल, तर ती किती धरायची हे हंगामापूर्वी ठरवून फळ्यावर लिहावे. वर्षअखेर प्रत्यक्ष घट किती आली तेही सांगावे. उरलेले सभासदांचे आहे.

ही गोष्ट आजची नाही. १८४४ साली इंग्लंडमधील रॉशडेल गावी अठ्ठावीस माणसांनी, त्यांत बरेच विणकर होते, वर्गणी काढून एक छोटे दुकान उघडले. त्या काळी तिथले दुकानदार पिठात भेसळ करीत, मापात मारीत. या लोकांनी पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ असा मोजकाच माल ठेवला. नियम साधे होते. माल शुद्ध, माप पूर्ण, प्रत्येकाला एक मत, आणि नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. जगातली सहकारी चळवळ या दुकानाला आपली जननी मानते. आपल्या उत्पादक कंपनीच्या कायद्यात माल घालण्याच्या प्रमाणात बोनस देण्याची जी तरतूद आहे, तिचे मूळ तिथलेच. तात्पर्य, सहकाराची सुरुवात भाषणाने झाली नाही, पुऱ्या मापाने झाली.

अध्यक्षांचा मेहुणा आणि कंपनीचे गोदाम

दुसरी परीक्षा नात्यागोत्याची. कंपनीला गोदाम भाड्याने हवे असते आणि अध्यक्षांच्या मेहुण्याचे गोदाम रिकामे असते. पोती हवी असतात, एका संचालकाच्या पुतण्याचे बारदानाचे दुकान असते. यात लगेच पाप झाले असे मी म्हणत नाही. खेड्यात सगळेच एकमेकांचे कोणीतरी लागतात. कदाचित मेहुण्याचे गोदाम खरोखरच सगळ्यांत स्वस्त आणि कोरडे असेल. पण तसे असेल तर ते उघड सांगावे. आणखी दोन ठिकाणचे दर घ्यावेत, ठराव होताना अध्यक्षांनी बाजूला बसावे, आणि हे सारे इतिवृत्तात लिहावे. झाकून केलेला व्यवहार स्वस्तात झाला तरी संशय महागात पडतो.

आपल्या जिल्ह्यातल्याच एका कंपनीच्या सभेतली गोष्ट आहे. गाव सांगत नाही. मागच्या रांगेत बसलेल्या एका माऊलीने उठून विचारले, ‘‘गोदामाचं भाडं बारा महिन्यांचं कसं लागलं? हळद तर चारच महिने होती की आत.’’ काही पुरुष हसले. कोणी म्हणाले, ‘‘मावशी, बसा खाली, तुम्हाला नाही कळायचं.’’ अध्यक्षांनी मात्र कागद मागवले. करार बारा महिन्यांचा झाला होता, कारण करताना कोणी विचारच केला नव्हता. कोणी पैसे खाल्ले नव्हते. पुढच्या वर्षी चार महिन्यांचा करार झाला आणि भाड्यापोटी जाणारी बरीच रक्कम वाचली. प्रश्न विचारल्याने अध्यक्षांचा अपमान झाला नाही, उलट त्यांची निष्ठा सर्वांसमोर सिद्ध झाली. ज्याचे हात स्वच्छ आहेत त्याला हिशेबाचा प्रश्न म्हणजे संधी वाटते, हे ध्यानात ठेवा.

आता मोठ्या दुनियेतली गोष्ट पाहा. हैदराबादची ‘सत्यम कॉम्प्युटर’ ही देशातल्या मोठ्या संगणक कंपन्यांपैकी एक होती. तिच्या संचालक मंडळावर नामवंत विद्वान होते. २००८ च्या सप्टेंबरात उत्तम कारभाराबद्दल तिला मोठा पुरस्कारही मिळाला होता. डिसेंबर २००८ मध्ये कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ठराव आणला की आपल्या कुटुंबीयांच्या ‘मेटास’ नावाच्या दोन कंपन्या ‘सत्यम’च्या पैशाने विकत घ्याव्यात. संचालक मंडळाने मान डोलावली. पण भागधारकांनी ओरड केली की आमच्या पैशाने तुमच्या मुलांच्या कंपन्या का घ्यायच्या? काही तासांतच तो बेत मागे घ्यावा लागला. तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ रोजी, राजूंनी स्वतःच पत्र लिहून कबूल केले की कित्येक वर्षे हिशेब फुगवलेले आहेत आणि बँकेत दाखवलेले पाच हजार कोटींहून अधिक रुपये मुळात नाहीतच. सगळा घोटाळा सात हजार कोटींच्या घरात होता.

यातून आपण दोन धडे घ्यावेत. पहिला, भिंतीवरचे प्रशस्तिपत्रक म्हणजे हिशेब नव्हे. दुसरा, विद्वान संचालकांना जे जमले नाही ते साध्या भागधारकांच्या एका प्रश्नाने केले. ‘माझ्या पैशाने तुमच्या घरच्यांचा धंदा का?’ हा प्रश्न विचारायला फार शिक्षण लागत नाही. मागच्या रांगेतल्या माऊलीचा प्रश्नही त्याच जातीचा होता.

आपल्या कायद्यातही याची सोय आहे. ज्याचा स्वतःचा धंदा कंपनीच्या धंद्याच्या आड येतो त्याला सभासद होता येत नाही, आणि नंतर तसा धंदा सुरू केला तर सभासदत्व जाते. संचालकाला किंवा त्याच्या नातलगाला कंपनीकडून उसनवार किंवा कर्ज द्यायचे तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. कंपनीचे कर्ज थकवणाऱ्याचे संचालकपद राहत नाही.

आपल्याही पदराकडे पाहू

पण बंधूंनो, इमानदारी ही फक्त अध्यक्षांनी पाळायची वस्तू नव्हे. पोत्यात वर निवडक कांडी आणि खाली बंडा, मध्ये ओलसर हळद, असा माल आपल्याच कंपनीला कोणी घालतो का? घालतो. कंपनीने एखाद्या मसालेवाल्याशी दोनशे क्विंटलचा करार केला, आणि ऐन वेळी व्यापाऱ्याने क्विंटलमागे शंभर रुपये जास्त दाखवले म्हणून निम्म्या सभासदांनी माल तिकडे नेला, असे होते का? होते. मग खरेदीदार पुढच्या वर्षी फिरकत नाही आणि आपण म्हणतो, ‘कंपनी काही कामाची नाही.’

अर्थात दोष एकतर्फी नाही. लहान शेतकऱ्याला माल घातला की पैसे हवे असतात. पोरांची फी असते, सोसायटीचा भरणा असतो. कंपनीने दोन महिने पैसे अडकवले तर तो थांबणार कसा? म्हणून करार करतानाच ठरवावे की माल घातल्यावर किती दिवसांत किती टक्के रक्कम मिळेल आणि उरलेली केव्हा. भाव पडलेला असेल तर पणन मंडळाची शेतमाल तारण योजना बाजार समित्यांमार्फत चालते. तीत गोदामात ठेवलेल्या हळदीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. कंपनीने सभासदाला अशी वाट दाखवली तर तो घाईने माल विकणार नाही.

हळदीच्या शुद्धतेबद्दल एक उदाहरण सांगतो, कारण ते आपल्याच पिकाचे आहे. बांगलादेशात १९८० च्या दशकात मोठ्या पुराने हळद भिजली, काळवंडली. तिला रंग यावा म्हणून पॉलिश करताना शिशाचे पिवळे रसायन, लेड क्रोमेट, चोळण्याची रीत पडली. शिसे हे विष आहे. लहान मुलांची बुद्धी त्याने खुंटते आणि गर्भवती बाईच्या पोटातल्या बाळालाही ते बाधते. २०१९ मध्ये संशोधकांनी हे उघड केले. तिथल्या सरकारने बाजारात तपासणी केली, व्यापाऱ्यांना दंड केला, गावोगाव पत्रके वाटली. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते, ते २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडले नाही. दोन वर्षांत देश सुधारला. पण आधीची तीस-चाळीस वर्षे ‘सगळेच करतात’ म्हणून जो तो गप्प होता.

आपल्या ‘वसमत हळदी’ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटमध्ये दूरदूरचा माल येतो, वसमतला हळद संशोधन केंद्र मंजूर झाले आहे. हे नाव पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टाने झाले. ते घालवायला एका हंगामाची रंग चोळलेली हळद पुरेशी आहे. म्हणून कंपनीने पॉलिशच्या ड्रममध्ये रंग टाकणार नाही असा ठराव करावा आणि प्रत्येक लॉटचा नमुना प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा. ज्याचा माल नापास झाला तो अध्यक्षांचा भाऊ असला तरी परत करावा. नियम घरापासून लावला तरच बाहेरचा मानतो.

अंथरूण पाहून पाय पसरावे

तिसरी गोष्ट, धंदा कोणता करायचा आणि कोणता नाही. पुष्कळ कंपन्या चोरीमुळे बसत नाहीत, हावेमुळे बसतात. अनुदान आले की शेड, शेड झाले की यंत्र, यंत्र आले की कर्ज. हिशेब करून पाहा. समजा पाचशे सभासदांचे हजार-हजार रुपये, म्हणजे पाच लाख, आणि तेवढेच जोड-अनुदान, मिळून दहा लाख भांडवल झाले. एक कोटीचा प्रक्रिया प्रकल्प घेतला. समजा ६० लाख अनुदान आहे. उरले ४० लाख. दहा लाख घरचे आणि तीस लाख कर्ज. दहा टक्क्यांनी वर्षाचे व्याज झाले तीन लाख. हळद शिजवून पॉलिश करून क्विंटलमागे सगळा खर्च जाऊन शंभर रुपये सुटले, तर नुसते व्याज भागवायला तीन हजार क्विंटल हळद यंत्रातून काढावी लागेल. मुद्दल वेगळीच. पाचशे सभासदांकडून खात्रीने तेवढी हळद येणार आहे का? आणि हंगाम संपल्यावर बाकीचे महिने यंत्र काय करणार? शिवाय अनुदान बहुधा खर्च झाल्यावर टप्प्याटप्प्याने मिळते. तोवर पैसे कोठून आणणार? हे प्रश्न प्रकल्प मंजूर करण्यापूर्वी विचारायचे, नंतर नव्हे.

सुरुवात लहान आणि एकाच कामाने करावी. सभासदांचे खत-बियाणे एकत्र घ्यावे, किंवा सोयाबीनची चाळणी करून प्रतवारी करावी, किंवा हळद एकत्र करून थेट विकावी. एक काम तीन वर्षे नीट चालवावे, मग दुसरे.

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात मोहाडी येथे विलास शिंदे आणि त्यांच्या सहकारी शेतकऱ्यांनी उभारलेली ‘सह्याद्री फार्म्स’ आज सर्वांना ठाऊक आहे. तिची वाटचाल पाहा. २०१० मध्ये युरोपने आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट नावाच्या रसायनाचा अंश सापडला म्हणून माल नाकारला आणि हजारो बागायतदार अडचणीत आले. त्याच सुमारास ही शेतकऱ्यांची कंपनी उभी राहिली. आरंभ एका पिकापासून, निर्यातीच्या द्राक्षापासून झाला. परदेशी जाणाऱ्या द्राक्षाची पेटी कोणत्या बागेतली हे सांगता यावे लागते, म्हणजे लपवाछपवीला जागाच नाही. टोमॅटो, इतर फळे-भाज्या आणि प्रक्रियेचे कारखाने पुढे आले. २०२२ मध्ये युरोपातल्या चार गुंतवणूक संस्थांनी तिच्या प्रक्रिया व्यवसायात सुमारे ३१० कोटी रुपये गुंतवले. परका माणूस एवढा पैसा भाषण ऐकून देत नाही. कैक वर्षांचे हिशेब उघडून, तपासून मगच देतो. म्हणजे चोख हिशेब हा नुसता धर्म नव्हे, ते भांडवलही आहे.

सभेला जाताना काय न्यावे, काय विचारावे

बहुतेक कंपन्यांच्या वार्षिक सभा पोळ्यानंतर, सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. सभेची लेखी सूचना कमीत कमी चौदा दिवस आधी मिळाली पाहिजे. सूचनेबरोबर विषयपत्रिका, मागच्या सभेचे इतिवृत्त, तपासलेला ताळेबंद, नफा-तोट्याचा हिशेब, संचालक मंडळाचा अहवाल आणि निवडणूक असेल तर उमेदवारांची नावे आली पाहिजेत. सभेला एकूण सभासदांपैकी किमान एक चतुर्थांश हजर हवेत. चारशे सभासद असतील तर शंभर. घरी बसून नुसती सही पाठवणे बंद करा. एकदा सही पाठवायची सवय लागली की पुढे सहीचे काय होते ते आपल्याला कळत नाही. सभाच वेळेवर बोलावली नाही तर संचालकांची पदे धोक्यात येतात. आणि फार अडले तर मताचा हक्क असलेल्या एक तृतीयांश सभासदांनी लेखी मागणी केल्यास मंडळाला विशेष सभा बोलवावी लागते.

सभेत पुढील सात प्रश्न विचारावेत. कागदावर लिहून न्या म्हणजे आठवावे लागणार नाही.

१. ३१ मार्चला कंपनीच्या बँक खात्यात किती रक्कम होती? खात्याचा उतारा सभेत दाखवा.

२. वर्षभरात किती माल घेतला, किती विकला, कडता किती धरला आणि प्रत्यक्ष घट किती आली?

३. संचालक किंवा त्यांचे नातलग यांच्याशी कोणते व्यवहार झाले? आणखी कोणाचे दर घेतले होते?

४. कंपनीने कोणाला उधार दिले आहे, किती थकले आहे, आणि त्यांत संचालक किती?

५. सनदी लेखापालाने अंतर्गत तपासणीत काय काय शेरे मारले, आणि त्यांवर काय केले?

६. राखीव निधीत यंदा किती टाकले? माल घालणाऱ्यांना बोनस किती आणि कोणत्या हिशेबाने?

७. पुढच्या वर्षी नवे काम काढणार असाल तर ते कशासाठी, किती कर्जाने, आणि तोटा आला तर भरणार कोण?

यांतला पाचवा प्रश्न विसरू नका. प्रत्येक उत्पादक कंपनीत सनदी लेखापालाकडून अंतर्गत तपासणी व्हावी, असे कायदा सांगतो. आणि दरवर्षी राखीव निधीत काही रक्कम टाकणेही सक्तीचे आहे. आपण पाऊस बुडवेल म्हणून घरात दाणा राखतो, तसाच तो.

विचारण्याची रीतही सांगतो. आवाज चढवू नये. ‘तुम्ही पैसे खाल्ले’ असे कधीही म्हणू नये. ‘हे मला समजले नाही, समजावून सांगा’ असे म्हणावे. एकट्याने उठण्यापेक्षा चार जणांनी आदल्या दिवशी बसून प्रश्न वाटून घ्यावेत, म्हणजे कोणी एकटा पडत नाही आणि वैरही येत नाही. आणि उत्तर पटले तर भर सभेत तसे सांगावे. चांगल्या अध्यक्षांच्या पाठीवर थाप मारणे हेही मालकाचेच काम आहे. अध्यक्षांनाही माझी विनंती आहे. प्रश्नाची वाट पाहू नका. महिन्याचा जमाखर्च एका कागदावर लिहून कचेरीच्या भिंतीवर लावा. जो स्वतःहून दाखवतो त्याला कोणी विचारत नाही.

भगिनींना वेगळे सांगतो. शेअर तुमच्या नावे असेल तर सभेला तुम्हीच जा. घरचा किराणा, दुधाचा रतीब, बचतगटाचा हप्ता यांचा हिशेब तुम्ही वर्षानुवर्षे चोख ठेवता. बचतगटात तर दर महिन्याला सगळ्यांसमोर पैसे मोजले जातात आणि वहीवर सह्या होतात. त्यात कोणाला अपमान वाटत नाही. तीच रीत कंपनीत न्यायची आहे, एवढेच.

तेव्हा यंदाची सभेची सूचना आली की ती चुलीत घालू नका. वाचा, घरात पोरांकडून वाचून घ्या, आणि सात प्रश्नांचा कागद खिशात घालून सभेला जा. सूचना आलीच नसेल, तर कचेरीत जाऊन पहिला प्रश्न तोच विचारा.

असो. पुढील अंकी सोयाबीनच्या काढणीनंतर दाणा फुटू नये म्हणून मळणीत घ्यायची काळजी, या विषयावर बोलू.